ओटीभर पेंढा

२५ ऑक्टोबर १९६९, शनिवार

पोचले बाई एकदाची! पोर्ट ॲडलेड सोडल्यापासून अर्विनचा ट्रक नुसती लाल धूळ खात होता आणि मी त्याच्या शेजारी बसून ती गिळत होते. नवी टोपी विटेच्या रंगाची झाली. पण मन असं उड्या मारतंय की टोपी गेली खड्ड्यात. दगडी घर, चहूबाजूंनी व्हरांडा, मागे पावसाच्या पाण्याची पत्र्याची टाकी, आणि दारातच लिंबाचं झाड. लिंबं इतकी लगडलेली की अर्धी खाली पडून कुजताहेत. बारमध्ये गिऱ्हाइकांसाठी एका लिंबात अख्खी संध्याकाळ काढणारी मी, बघतच राहिले.

सासूबाई दारात उभ्या होत्या. ओटिली त्यांचं नाव. लग्न परवाचं आणि पोट पाच महिन्यांचं, तेव्हा मला वाटलं आता बाई अख्खं बायबल ऐकवणार. पण त्यांनी नुसतं ये पोरी म्हणून हात धरला आणि साखरेचा चुरा भुरभुरलेला केक पुढे ठेवला. मी तीन तुकडे हाणले. अर्विन म्हणाला, दोघांसाठी खातेय माझी विनी. त्या हसल्या नाहीत, पण चौथा तुकडा ताटलीत आला.

झोपायची खोली दाखवायच्या आधी नवऱ्याने मला डुकरांची शेड दाखवली. त्याचा सगळा जीव तिथे. नवी कोरी, या भागातली असली पहिलीच, वर्तमानपत्रवाला फोटो काढून गेला म्हणे. आत सिमेंटची जमीन, खाली घाण वाहून जायला नाली, आणि दोन रांगांत लोखंडी पिंजरे. डुकरीण विणार असली की आठवडाभर आधी तिला इथे आणून घालायची. आत ती उभी राहू शकते, आडवी होऊ शकते, वळू मात्र शकत नाही. मी विचारलं, का रे, वळू का नाही द्यायचं बिचारीला? तर म्हणाला, वळली की अंगाखाली पिल्लं चिरडते. माझ्या पिंजऱ्यात पिल्लू चिरडत नाही. हे सांगताना त्याने गजावरून असा हात फिरवला की मला हसू आलं. माझ्यावरूनही इतक्या प्रेमाने फिरवत नाही मेला.

मागच्या कुंपणात गर्टी भेटली. कळपातली सगळ्यांत जुनी, धिप्पाड, एक कान फाटका. ही शेड व्हायच्या आधी जुन्या गोठ्यात पेंढ्यावर जन्मलेली. तिला कालच नर दाखवलाय. अर्विनने बोटांवर हिशेब केला आणि टाळी देऊन हसला. म्हणे गर्टी आणि तू एकाच आठवड्यात मोकळ्या होणार, फेब्रुवारीच्या मध्यावर! मीही हसले. वाईट काय त्यात? गर्टीनेही माझ्या पोटाला नाक लावून जोरात श्वास घेतला.

स्वयंपाकघराला लागून एक छोटी खोली आहे, कुलूप लावलेली. अडगळ आहे, अर्विन म्हणाला.

९ नोव्हेंबर, रविवार

चर्चला नेलं आज. प्रार्थनेनंतर बाहेर सावलीत चहा आणि गप्पा. तिथे अर्विनने सगळ्या पुरुषांना सांगितलं की आमच्याकडे यंदा दोघी एकाच आठवड्यात विणार आहेत, फक्त एकीला पिंजऱ्याची सवय लावायची राहिलीय. ते हसले. माझे कान तापले. बारमागे उभी राहून याहून घाण ऐकलंय मी, पण ते परक्यांचं. मग मीही ठेवून दिली. म्हटलं, गर्टीला डझनभर होतील, त्यातलं एखादं तरी तुझ्या तोंडवळ्याचं निघेल बघ! तेव्हा तर लोक पोट धरून हसले. अर्विनही हसला. घरी येताना मात्र ट्रकचा एकही खड्डा चुकवला नाही.

बेकरीवाल्याची बायको बरी वाटली. तिनेच सांगितलं, दारातलं लिंबाचं झाड हुल्दाने लावलेलं. हुल्दा म्हणजे अर्विनची पहिली बायको. ती गेल्या फेब्रुवारीत बाळंतपणात गेली, बाळही गेलं, एवढं मला अर्विनने लग्नाआधी सांगितलं होतं. तो सांगताना रडला होता. त्याचं रडणं बघूनच तर मी पाघळले. बेकरीवालीने विचारलं, ती छोटी खोली आता कशाला वापरतात गं? मी म्हटलं, अडगळ. ती काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात सासूबाई आल्या आणि तिला एकदम लोणच्याच्या काकड्या आठवल्या.

३० नोव्हेंबर, रविवार

आज पहिल्यांदा डुकरीण विताना पाहिली. पहिलटकरीण होती. सकाळपासून तिने सिमेंट उकरायला घेतलं. पुढच्या पायाने खर्र खर्र, जमिनीवर काहीएक नसताना. मग नाकाने ते नसलेलं काहीतरी गोळा करायची, तोंडात धरल्यासारखं करायची, मागे वळायला बघायची आणि गज बरगडीला लागला की थांबायची. परत उकरणं. मग गज चावायला लागली. ओठ फाटून रक्त आलं तरी चावतेय. अर्विन म्हणाला, घर बांधायचा किडा असतो त्यांच्यात, इथे काय बांधणार, होईल गप्प. तिला कळा आल्या तशी ती उठे, बसे, पुन्हा उठे. पहिलं पिल्लू तोंडापाशी आलं आणि तिने ते चावून टाकलं. दुसरंही. मी किंचाळले. अर्विनने तिच्या तोंडाला दोर बांधला आणि म्हणाला, काही माद्या मुळातच वाईट आया असतात.

शेजारच्या पिंजऱ्यातलीने तेच सुरू केलं होतं. मला राहवेना. मागे जुन्या पेंढ्याची गंजी आहे. ॲप्रनची ओटी करून भरभरून पेंढा आणला आणि तिच्या पुढ्यात टाकला. काय सांगू! तिने तो हुंगला, तोंडात धरून झटकला, पायांनी नीट पसरला, पुन्हा उचलला, पुन्हा पसरला. मग धप्पकन आडवी होऊन असा सुस्कारा सोडला की मलाच बरं वाटलं. एकदाही उठली नाही. सगळी पिल्लं धडधाकट, आणि ती हळू आवाजात त्यांना बोलावत होती.

संध्याकाळी अर्विनने तो पेंढा काढून फेकला. नाली तुंबते म्हणे. ओरडला नाही. नुसतं हसून म्हणाला, तूही निघालीस का पेंढावाली? मी सासूबाईंना विचारलं, तूही म्हणजे? त्या बटाटे सोलत म्हणाल्या, या घरची रीत होती पोरी. जुन्या गोठ्यात डुकरीण विणार असली की घरच्या बाईने पहिली ओटी पेंढ्याची न्यायची. मी नेली, हुल्दाने नेली. शेड झाली आणि अर्विनने रीत बंद केली. हुल्दा ऐकेना.

२८ डिसेंबर, रविवार

नाताळ छान झाला. सॉसेज, आल्याची बिस्किटं, अर्विनने माऊथ ऑर्गन वाजवला. असा असला की आवडतो मला.

आज चर्चला निघताना त्याचा रविवारचा शर्ट सापडेना. सगळं घर पालथं घातलं. शेवटी कुठे मिळावा? मागच्या कुंपणात, गर्टीखाली. पेंढ्यात गुंफलेला, बाही इकडून तिकडे ओवून घेतल्यासारखी. मला हसू आवरेना. अर्विन म्हणाला, कुत्र्याचं काम. कुत्रा तर माझ्या पायाशीच बसला होता, पण नवऱ्याच्या तोंडी कोण लागतं सणासुदीला.

११ जानेवारी १९७०, रविवार

शर्टानंतर त्याची हॅट गेली. मग दाढीचा टॉवेल. सासूबाईंनी व्हरांड्यात त्याचे केस कापून केर काढला होता, तर केससुद्धा गर्टीच्या पेंढ्यात! बारीक बारीक, नीट दाबून बसवलेले. आणि गंमत म्हणजे माझा रुमालही कधी गेला नाही, सासूबाईंचा मोजाही नाही. सगळं अर्विनचंच. खरं लिहायला काय हरकत, मला आतून गार वाटलं.

त्याला नाही वाटलं. त्याने अख्खी गंजी शेजाऱ्याच्या गाडीवर चढवून पाठवून दिली. आवारात काडी राहिली नाही. माझ्याकडे बघत म्हणाला, आता बघू पेंढा कुठून येतो ते.

१३ जानेवारी, मंगळवार

आला. ताजा, पिवळाधमक, नव्या कापणीच्या वासाचा. मधोमध अर्विनचे लग्नातले हातमोजे.

१८ जानेवारी, रविवार

त्याने ती छोटी खोली उघडली. माझ्यासाठी साफ करायची म्हणे. शेवटच्या आठवड्यात मला आराम हवा, स्वयंपाकघराची धावपळ नको. मी खुशीत आत गेले आणि दारातच थांबले.

खोली एवढीशी. एक लोखंडी खाट, तिच्यापलीकडे जेमतेम पाऊल ठेवायला जागा. खिडकी हातभर. भिंतीवरचा कागद सगळीकडून ओरबाडलेला, पण फक्त खालून. खाटेवर पडलेल्या बाईचा हात पोचेल तिथपर्यंत. वर फुलं तशीच ताजी. खाटेच्या उशाकडच्या गजाचा हिरवा रंग जागोजागी उडालेला. मी वाकून पाहिलं. दातांच्या खुणा आहेत. माणसाच्या.

अर्विन रंगाचा डबा आणायला गेला तशी मी सासूबाईंना गाठलं. बोला म्हटलं, नाहीतर आत्ता आरडाओरडा करते. त्या खुर्चीवर बसल्या आणि ॲप्रनकडे बघत बोलल्या. हुल्दा रोज पेंढा न्यायची, अर्विन रोज काढायचा. शेवटी दिवस जवळ आले तसं त्याने तिला या खोलीत ठेवली. एक आठवडा आधी. कुलूप लावून. किल्ली त्याच्या जाकिटाच्या खिशात. तो रविवार होता. मी टोपी घालत होते पोरी, आणि ती आतून ओरडत होती, पेंढा द्या, मला पेंढा द्या. मी शेडमध्ये जाऊन अर्विनला सांगितलं. तो एका डुकरिणीपाशी अडकला होता. म्हणाला, जा तू, मी बघतो. मी चर्चला गेले. आले तेव्हा सगळं शांत होतं.

मी विचारलं, आणि बाळ? बाळ जिवंत जन्मलं होतं, त्या म्हणाल्या. आम्ही दार उघडलं तेव्हा नव्हतं. हुल्दाच्या तोंडाला—

ॲप्रनने तोंड झाकून त्या उठून गेल्या. मी पोटावर हात ठेवून परसात जाऊन उभी राहिले. आणि तो माणूस माझ्यापुढे बसून रडला होता! काही माद्या मुळातच वाईट आया असतात, हेच म्हणाला असेल तिलाही. माझ्या अंगाची लाही लाही होतेय. त्या खोलीत मी पाऊल टाकणार नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

आज सकाळी ते दोघं चर्चला गेल्यावर मी चालत निघाले. शेजाऱ्याचं घर लांब आहे, पण रस्ता एकच. उत्तरेकडून भट्टीसारखा वारा, सगळीकडे लाल धूळ, गुलाबी काकाकुवे कुंपणावर चोची उघड्या टाकून बसलेले. अर्ध्या वाटेत पाय सुजून पाव झाले. ट्रक मागून आला. अर्विनने अगदी हळुवार उचलून बसवलं, पाणी पाजलं.

दुपारी गावातली नर्स आली. तिच्यापुढे तो असा काळजीने बोलला, बायको उन्हात भटकते, माझे कपडे डुकरांना घालते. माझ्या ॲप्रनचा खिसा उलटा करून दाखवला. त्यात पेंढा. मी शपथ घेऊन सांगते, मी ठेवला नाही. मी केलं असतं तर छातीठोकपणे केलं असतं! तिला भिंतीचं सांगितलं, दातांचं सांगितलं. भिंत आणि गज दोन्ही रंगवलेले आहेत आता. नर्स माझा हात थोपटून म्हणाली, आराम हवाय तुला.

पण माझ्या नखांत लाल माती कशी? मी काहीच उकरलं नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

काल गर्टीला पिंजऱ्यात घातलं. आज मला.

उशी आणली त्याने. पाण्याचा जग, बिस्किटं. कपाळाचा मुका घेतला. एकच आठवडा, राणी. मग कडी, मग कुलूप. मी दारावर लाथा घातल्या, तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या, बारमधल्या सगळ्या. तो बाहेर हसला. किल्ली जाकिटाच्या खिशात टाकताना वाजली. सासूबाई जेवण घेऊन येतात तेव्हा तोही दारात उभा असतो. त्या ताटलीकडे बघतात. माझ्याकडे नाही.

अर्विन लिंके, मी इथून बाहेर पडले तर तुला सोडणार नाही. लिहून ठेवते.

१० फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी तावातावाने आला. तुला बाहेर कुणी काढलं? त्याचे बूट गर्टीच्या पिंजऱ्यात सापडलेत, पेंढ्यात खुपसलेले. मी म्हटलं, कुलूप तुझं, किल्ली तुझी, मला काय विचारतोस? खिडकीला बाहेरून फळ्या ठोकल्या. फटीतून उजेडाची एक रेघ येते, तेवढ्यात लिहिते.

तर मग मी नव्हेच. कधीच नव्हते.

शेडमधून गर्टीचं उकरणं ऐकू येतं. खर्र खर्र. एवढ्या लांबून.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

जाग आली तेव्हा हातात भिंतीचा कागद होता. नव्या रंगासकट ओरबाडलेला. नखं दुखताहेत. पायाशी तुकड्यांचा छोटा ढीग केलाय, मीच केला असणार. पुरत नाही. उशी फाडली. पिसं उडतात, राहत नाहीत, तसं नको. काहीतरी दुसरं हवं. हात थांबतच नाहीत.

तोंडात रंगाची चव. हिरवा.

बाळ लाथा मारतंय. देवा, मला भीती वाटते ती अर्विनची नाही. ती पहिलटकरीण वाईट नव्हती. तिला काडी मिळाली नाही म्हणून— आणि हुल्दा— आणि मीही जर—

दात घट्ट मिटून बसलेय.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

अर्विनच्या हाताला पट्टी. म्हणाला, गर्टी चावली. म्हणाला, पिंजऱ्याची मागची कडी कुणीतरी काढून ठेवतं. आवाज बारीक झालाय त्याचा. रात्री कुणी त्याच्या अंगावरचं पांघरूण ओढतं. मला विचारतो, हुल्दाने तुला काही सांगितलं का?

मला! मेलेली बाई!

खूप हसले. मग पेंढा मागितला. हात जोडून मागितला रे. एक ओटीभर दे, बाळासाठी. तो म्हणाला, नाली तुंबते.

इथे कुठे आहे नाली?

१४ फेब्रुवारी, शनिवार

दाराखालून एक काडी आली.

मग दुसरी. मग मूठभर. मी सासूबाई म्हणून हाक मारली. जमिनीला गाल लावून फटीतून पाहिलं. बोटं होती. नखं तुटलेली, नखांखाली हिरवा रंग. काड्या एकेक करून आत सारत होती, हळू, काळजीने—

किंचाळायला हवं होतं. नाही किंचाळले. पेंढा घेतला, हुंगला, पसरला.

हात थांबले. किती दिवसांनी.

१५ फेब्रुवारी, रविवार

चर्चची गाडी आली. सासूबाई दारापाशी थांबल्या, टोपीची पिन खोचत. म्हणाल्या, पोरी, कळा सुरू झाल्या का? म्हटलं, झाल्या. किल्ली आणा. त्या म्हणाल्या, सांगते त्याला. बूट दूर गेले. मग गाडी गेली. पुन्हा गेली ती बाई. पुन्हा.

गर्टी गर्जतेय. अर्विन शेडकडे धावला.

*

कळ येऊन गेली. गज धरला. चावला नाही. नाही चावला.

*

शेडमध्ये लोखंड आपटलं. एकदा. कडी पडल्यासारखं. मग तो ओरडला. तसला आवाज मी त्याच्या तोंडून कधी—

*

पेंढा येतोय. ओंजळ ओंजळ. दाराखालून एवढा कसा मावतो? गुडघ्यापर्यंत आला. उबदार आहे. त्यात त्याचा पट्टा. त्यात जाकिटाचा तुकडा, खिसा तेवढा, ओला. खिशात किल्ली.

किल्ली माझ्या हातात आहे.

*

कुलूप बाहेर आहे पण दाराच्या कडेला, कुलपापाशी फट मोठी. हात जातो. करून पाहिलं. उघडेल. शेडपर्यंत चालता येईल मला, दोन कळांच्या मध्ये.

*

तो हाका मारतोय. विनी. विनी गं. ती मला वळू देत नाही. मग हुल्दा म्हणाला. मग आई. आता एकच शब्द— पेंढा. पेंढा आण. पेंढा दे तिला. विनी, ओटीभर पेंढा—

*

बाळाचं डोकं लागतंय हाताला. मी शांत आहे. दात शांत आहेत. बाळाला काही होणार नाही, दारापलीकडे ती बसलीय, हळू आवाजात बोलावतेय त्याला.

आण म्हणतो. सगळा तर इथे आलाय. आणि मला पुरत नाही अजून, खिडकीकडच्या कोपऱ्यात उघडी जमीन दिसते, आधी तेवढी नीट पसरून घेते, मग बघू, आधी एवढा कोप